औषधाच्या खोलीतलं बाथरूम

माझ्या थोरल्या बहिणीने ऐंशी ओलांडल्यावर एकच गोष्ट मागितली. घरातल्या घरात संडास आणि बाथरूम. दागिने नाही, तीर्थयात्रा नाही, कोणाची माफी नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जाळी, कौलं, वारसा असे भारी शब्द येणार आहेत आणि त्यांच्या गर्दीत मूळ मागणी हरवते. आमच्याकडे तसंच झालं.

घर नागपुरातल्या धंतोलीतलं. आजोबा रेल्वेचे ठेकेदार होते, इंग्रजांच्या काळात त्यांनी बांधलं. जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, पुढे लाकडी जाळीचा लांब व्हरांडा, आणि जोतं एवढं उंच की पायऱ्या चढून वर आलं की नवख्या माणसाला धाप लागायची. संडास मागच्या अंगणापलीकडे, तोही पायऱ्या उतरून. एका छपराखाली देवघर आणि संडास ही कल्पनाच आजोबांना भ्रष्ट वाटायची. त्यांचे पाय शेवटपर्यंत ठणठणीत होते, त्यामुळे त्यांना असले विचार परवडले.

आई काटोलकडची, संत्र्याच्या बागा असलेल्या शेतकऱ्याची मुलगी. ती डॉक्टर झाली आणि याच बंगल्यात तिने बाळंतपणाचा दवाखाना काढला. मधल्या मोठ्या खोलीत लोखंडी खाटा, बाजूला बाळंतपणाची खोली, पूर्वेला व्हरांड्याला लागून औषधाची खोली. आई आपल्या गावची म्हणून काटोल तालुक्यातल्या बाया एसटीने पोट सावरत आमच्याकडे यायच्या. शहरातल्याही यायच्या. नागपुरात एका पिढीतली किती माणसं आमच्या घरात जन्मली याला गणती नाही. भाजी घ्यायला गेलं तरी कोणीतरी म्हणायचं, "मी तुमच्या घरचाच." मला लहानपणी याचा फार वैताग यायचा. जिकडेतिकडे भाऊ.

काटोलच्या बायांनी एक पद्धत सोबत आणली होती. घरी जायच्या दिवशी सासू नाहीतर आई बाळाला दुपट्यात गुंडाळून उभी राहायची, आणि बाळंतीण ओल्या हळदीत पंजा बुडवून व्हरांड्यातल्या पूर्वेच्या भिंतीवर उमटवायची. डेटॉलने पुसून घेतलेल्या भिंतीवर हळद बघून आईचं डोकं फिरायचं म्हणे, पण सासवांपुढे डॉक्टरचं काय चालणार! वर्षभरात ती भिंत हातांनी पिवळी व्हायची. आणि दिवाळी आली की आई तिच्यावर चुना मारून घ्यायची. सगळे हात गायब. आम्हा दोघी बहिणींना वाईट वाटायचं. एका दिवाळीला ताईने आईला विचारलंच, की दुसरीकडचा रंग दहा वर्षं चालतो, मग हीच भिंत दरसाल काहून?

आई ओट्यावर चहा पीत बसली होती. म्हणाली, "जिचं लेकरू गेलं ना, तिलेही मी हात लावायले लावते. तिनं काय कमी सोसलं का? पण पुढच्या खेपेले ती बाई पुन्हा आली, तर तिले तो हात दिसला नाही पाहिजे. अन् कोणी मोजत बसलं नाही पाहिजे की हिचे हात दोन अन् लेकरू एक."

एवढं बोलून ती उठून वॉर्डात गेली. आमच्या घरात यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. ताई नर्सिंग शिकली आणि आईच्या हाताखाली राहिली. जन्मभर. तिचं लग्न का राहिलं हा वेगळा विषय आहे आणि तो सांगायचा अधिकार तिचा आहे. मी लग्न करून गेले, पण गाव तेच, त्यामुळे दर रविवारी माहेर. आई गेली, दवाखाना बंद झाला, खाटा कोणीकोणी नेल्या. ताई तिथेच राहिली आणि दर दिवाळीला पूर्वेच्या भिंतीला चुना मारत राहिली. नवे हात नव्हते तरी.

आता आमच्या मूर्खपणाबद्दल. हा मूर्खपणा आमच्या एकट्यांचा नाही, अख्ख्या धंतोलीचा आहे. घर बिल्डरला द्यायचं ठरलं की माणूस त्या घरात खिळा ठोकायचं सोडतो. "आता सगळंच पडणार आहे" हे वाक्य मी त्या वस्तीत घरोघर ऐकलं आहे. कौल फुटलं, बादली ठेवा. दार फुगलं, खांद्याने ढकला. पाडणार तर आहेच. आणि पाडायला दहा-दहा वर्षं लागतात. तेवढ्यात घरातली माणसं फुटक्या कौलाखाली म्हातारी होतात.

ताईचे गुडघे दुखायला लागले तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, की औषधाची खोली रिकामी पडली आहे, तिथं संडास-बाथरूम काढून घे. ती म्हणाली, "थोड्या दिवसांसाठी काहून तोडफोड करायची वं? नवीन झालं की त्यात सगळं राहीन."

बिल्डर तसा तरुण पोरगा होता. पहिल्याच दिवशी ताईच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, मीही तुमच्याच घरचा." मी मनात म्हटलं, घ्या. त्याने नकाशा आणला. तळमजल्यावर ताईचा फ्लॅट, पायरी नाही, उंबरा नाही. ताईने चष्मा लावला आणि बाकी सगळा नकाशा बाजूला सारून बाथरूमवर बोट ठेवलं.

"हे दार आत उघडते का बाहेर?"

"आत, मावशी."

"बाहेर उघडलं पाहिजे. माणूस आत पडलं तर दाराले अडते. मग बाहेरच्याले दार ढकलता येत नाही."

पोराने तिथल्या तिथे पेन्सिलीने दार फिरवलं. ताई इतकी खूश झाली की तिने त्याला दुसऱ्यांदा चहा केला. मी मात्र त्याची माणसं अंगणात टेप लावून मोजमाप करत होती ते बघून मागच्या खोलीत जाऊन रडले. लहानपण मोजलं जाताना बघवत नाही. पण रडले म्हणून माझं मत बदललं नव्हतं. घर ताईचं आणि माझं होतं, राहत ताई होती, आणि तिला पायरी नको होती. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

तेव्हा सर आले.

सर म्हणजे एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. तेही आमच्याच घरचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलायला लागले की समोरचा आपोआप विद्यार्थी व्हायचा. त्यांनी आमच्याकडे जन्मलेल्या लोकांची एक समिती केली होती. आमच्या शेजारी अगदी आमच्यासारखाच एक बंगला होता, तो पाडून तिथं काचेचं मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. पलीकडचा गेला. समोरचा गेला. सर म्हणाले, "ताई, हा एकच उरला आहे. आम्हाला आमच्या नातवंडांना दाखवायला एक तरी जागा ठेवा." बोलताना त्यांचे डोळे भरले. ते नाटक नव्हतं. मी माणसं ओळखते, त्यांचं दुःख खरं होतं. फक्त दुःख करून झाल्यावर ते संध्याकाळी आपल्या फ्लॅटवर परत जायचे आणि तिथं दोन बाथरूम होती.

समितीने अर्ज केला, सह्या जमवल्या, आणि आमचं घर वारसा इमारतींच्या प्रस्तावित यादीत गेलं. आम्हाला विचारून नव्हे. यादीचा निकाल लागेपर्यंत आत-बाहेर काहीही बदल करायचा नाही, अशी महापालिकेची ताकीद आली. बिल्डर पोरगा बरेच दिवस थांबला. मग एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, मी थांबलोच असतो, पण पार्टनर लोक नाही ऐकून राहिले." त्याने विमानतळाजवळ मिहानकडे दुसरी जागा धरली. ताई दारापर्यंत त्याला सोडायला गेली. नकाशाची घडी त्याने नेली नाही, ती टेबलावरच राहिली.

त्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की ताई पाणी पीत नाही. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलर घरघरतोय, आणि ही दुपारभर अर्ध्या पेल्यावर. मी ओरडले. नर्स असून कळत नाही का, किडन्या जातील. ती शांतपणे म्हणाली, "पिलं की जा लागते. मागच्या पायऱ्या मले उतरवत नाही वं."

मी घरी येऊन नवऱ्यावर चिडले, कामवालीवर चिडले, आणि दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. सर, तुमचं घर वाचवा, नाही म्हणत नाही, पण औषधाच्या खोलीत एक संडास-बाथरूम होऊ द्या. सर लगेच हो म्हणाले. माणूस चांगलाच होता. त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला, ताईला घेऊन ऑफिसात गेले, पंख्याखालची खुर्ची मिळवून दिली. पाहणीला माणसं येतील असं ठरलं.

पाहणीला आले ते जुन्या इमारतींचा अभ्यास करणारे दोघे, एक मुलगी आणि तिचा सहकारी. सोबत सर आणि समितीची मंडळी. ताईने व्हरांड्यात सतरंज्या घातल्या. खोली बघून झाली, आणि घोडं अडलं ते पाइपावर. औषधाच्या खोलीतून मैला काढायचा तर पाइप पूर्वेच्या भिंतीतूनच बाहेर येणार होता, दुसरीकडे उतारच नव्हता. पूर्वेची भिंत, म्हणजे व्हरांड्यातली ती भिंत. मुलगी भिंतीपाशी जाऊन उकिडवी बसली, बोट फिरवलं, नखाने थोडा चुना टोकरला. खाली तांबूस डाग दिसला. चुना लागला की हळद लाल होते, हे आमच्याकडे बायकांना सांगावं लागत नाही. तिला कदाचित तिच्या आईने कधी सांगितलं नसेल. ती म्हणाली, "हा गेरू आहे का? इथे चित्रं होती?"

समितीतल्या बायांनीच सांगितलं. चित्रं नाही, हात. आमच्या आयांचे हात. एकच गलका झाला. मुलगी उठून उभी राहिली. चेहरा असा, की जणू तिला गुप्तधन सापडलं.

"मग यावर हा चुना कोणी मारला?"

"मी," ताई म्हणाली.

"दरवर्षी?"

"हाव. दर दिवाळीले."

मुलीने सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा उतरला होता. ते ओरडले नाहीत, आवाजही चढवला नाही, आणि म्हणूनच ते शब्द जास्त लागले. "ताई, हे तुम्ही काय केलं? एवढा ठेवा होता तुमच्या घरात. आम्हाला एकदा विचारायचं तरी." मागून कोणी पुटपुटलं, की पाडायचंच होतं त्यांना, त्यांना भिंतीचं काय. ताईच्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता. मी वाट बघत होते की ती आता सांगेल. एक वाक्य. आईचं एक वाक्य सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते.

ती म्हणाली, "आईची पद्धत होती." आणि चहा वाटायला लागली.

मग सर स्वतः भिंतीजवळ गेले. त्यांनी चुन्यावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "माझ्या आईचा हात यातच कुठंतरी आहे. मी पहिलाच मुलगा. तिने किती हौसेने लावला असेल." सगळ्यांचे डोळे ओले झाले. मीही पाघळले, खोटं कशाला सांगू. ताईने सरांकडे पाहिलं, कप पुढे केला, म्हणाली, "घ्या सर, थंड होऊन राहिला."

ती माणसं गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. काहून बोलली नाहीस? त्यांनी तुला चोर ठरवलं आणि तू चहा पाजत होतीस! ताई सतरंज्या झटकत होती. थोड्या वेळाने खाली बसली.

"त्याच्या आईचे दोन हात आहेत तिथं," ती म्हणाली. "तो दुसरा. पहिली पोरगी होती, चार दिवस जगली. तेव्हा मी नवीन होती दवाखान्यात. मीच तिचा हात धरून लावला होता, तिचा लागतच नव्हता. घरच्यांनी त्याले सांगितलं नसीन. आता ह्या वयात मी सांगू? सगळ्या लोकांसमोर?"

"समोर नाही तर मागून सांग. एकट्याला."

"अन् काय सांगू? की मले संडास पाहिजे म्हणून ऐक, तुले एक बहीण होती?"

  मी चांगली भांडखोर बाई आहे, शब्दाला शब्द देते, पण त्या दिवशी उरलेल्या सतरंज्या मीच झटकल्या.

पुढच्या महिन्यात भिंतीचा एक तुकडा खरवडला गेला. ब्रश, कापूस, कसलंसं औषधी पाणी. एक हात वर आला, फिकट, बोटं जरा फाकलेली. पेपरात फोटो छापून आला. लोक बघायला येऊ लागले, बायका त्या हातापुढे वाकून नमस्कार करू लागल्या. आता तिथून मैल्याचा पाइप काढायची गोष्ट कोणी तोंडातून काढू शकत नव्हतं. ऑफिसातून उत्तर आलं, की पर्यायी जागा सुचवावी. पर्यायी जागा म्हणजे मागचं अंगण. पायऱ्यांखाली.

सरांना ताईची अडचण कळत नव्हती असं नाही. एका सकाळी ते रिक्षातून कमोडची खुर्ची घेऊन आले. नवी कोरी, प्लास्टिक गुंडाळलेली. खोलीतच ठेवा म्हणाले, कुठं जायला नको. ताईने हात जोडले, आभार मानले. ते गेल्यावर खुर्चीकडे बघत बसली.

"जन्मभर मी बायांचे बेडपॅन उचलले," ती म्हणाली. "कोणाची मले कधी घाण नाही वाटली. पण माझं कोण उचलीन? मीच ना? त्याच पायऱ्या उतरून?"

मी म्हटलं, माझ्याकडे चल. हे मी दर रविवारी म्हणत होते. तिचं उत्तरही ठरलेलं. आपलं घर असून दुसऱ्याच्या घरी काहून राहू. दुसऱ्याच्या म्हणजे माझ्या. मला राग यायचा, आणि आतून हेही कळायचं की तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

ती पडली हिवाळ्यात, सकाळी. रात्री दव पडलं होतं, मागच्या पायरीवर शेवाळ होतं. शेवाळ काढायला कोणी नव्हतं आणि तिला वाकता येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. दूधवाल्याने हाका ऐकल्या म्हणून बरं. मी पोचले तेव्हा ती अंगणात चादरीवर पडून होती आणि मला सांगत होती की पाय सरळ करू नका, दोन्ही बाजूंनी उशा लावा, मग उचला. पाय पार वाकडा झाला होता आणि आवाज नर्सचा होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेव्हा कुठं ती रडली. म्हणाली, "मी खूप धरून ठेवलं होतं वं. मले वाटलं उजेड होऊ दे, मग जाऊ."

त्या वाक्याने मला आतून कापलं. आजही एकटी असले की ते ऐकू येतं. कोणाला शिव्या द्याव्यात हेच कळत नाही. सरांना? त्या मुलीला? तिने तर मनापासून तिचं काम केलं होतं. आजोबांना? आम्हाला, ज्यांनी दहा वर्षं एक बाथरूम काढलं नाही कारण सगळं पडणार होतं? प्रत्येकाला थोड्या-थोड्या देऊन पाहिल्या. काही भागलं नाही.

ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि ताई माझ्याकडे बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये आली. लिफ्ट आहे, तिच्या खोलीला लागून बाथरूम आहे. पहिले काही दिवस ती पेल्यामागून पेला पाणी पीत होती. वॉकर घेऊन आत जायची, बाहेर यायची, मला सांगायची, "दार बाहेर उघडत नाही तुझं." मग मी सुताराला बोलावून फिरवून घेतलं. तरी ती पाहुण्यासारखी वागायची. चहाचा कप स्वतः धुवायला उठायची, टीव्हीचा आवाज विचारून वाढवायची. बॅग कधी पूर्ण रिकामी केली नाही. उन्हाळा आला की घरी जाते म्हणायची, मग दसरा झाला की जाते. मी हाव म्हणायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की पायऱ्या आता विसरा.

आणि त्या मधल्या काळात निकाल लागला. घर वारसा यादीत पक्कं झालं. सरांचा फोन आला, आवाज लहान पोरासारखा. "ताई, वाचलं आपलं घर!" समितीने कार्यक्रम ठरवला होता, व्हरांड्यात, त्या भिंतीसमोर. ताईचा सत्कार. मी नको म्हटलं. ताई म्हणाली, जायचं. तिने नारंगी काठाची पांढरी साडी काढली, जी ती आईच्या वेळेस दवाखान्याच्या पूजेला नेसायची. गाडीत सारखी खिडकीतून बघत होती. रामदासपेठेच्या वळणावर तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

फाटकाशी मांडव होता. व्हरांड्याला झेंडूच्या माळा. खुर्च्या भरलेल्या. गाडी थांबली आणि आम्ही दोघींनी एकदम त्या पायऱ्यांकडे पाहिलं. उंच, दगडी, जुन्या होत्या तशाच. बाजूला लाकडी उतार ठेवा असं मी फोनवर सांगितलं होतं. सर धावत आले, ओशाळले होते. उताराचं विचारलं होतं, पण जोत्याला धक्का लागेल म्हणून आत्ता नाही, परवानगी येते आहे. "काही काळजी नाही, ताई. खुर्चीवर बसा, ही पोरं उचलून वर नेतात." दोन धट्टीकट्टी पोरं बाह्या सरसावून उभीच होती.

ताई म्हणाली, "नाही. माझ्या घरात मले कोणी उचलून नेऊ नका."

तिने एवढंच म्हटलं, मऊ आवाजात. पोरं मागे सरकली. मग सत्कार गाडीशीच झाला. सरांनी खिडकीतून शाल दिली, मी ती तिच्या खांद्यावर टाकली. नारळ मांडीवर. माईक लांबच्या लांब वायर ओढत गाडीपर्यंत आणला. सर आईबद्दल बोलले, फार सुंदर बोलले, मातृत्वाबद्दल, हातांबद्दल, स्वतःच्या आईबद्दल बोलताना त्यांना पुढे बोलता येईना. ताई ऐकत होती. मधेच तिने माझ्याकडे झुकून हळूच सांगितलं, "मले जाऊन यायचं आहे."

मला आधी कळलंच नाही, कुठं. मग कळलं. तिने सकाळपासून पाणी प्यायलं होतं, माझ्या घरची सवय लागली होती ना. आणि तिच्या समोर तिचं घर होतं, माळा घातलेलं, आणि त्यात तिला जाता येईल असा संडास नव्हता. मागच्या अंगणात होता, आणि तिथं जायला घरातूनच वाट, पुढच्या पायऱ्या चढून आणि मागच्या उतरून. मी ड्रायव्हरला म्हटलं, शेजारच्या हॉस्पिटलात घे. गाडी मागे घेताना सरांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं, लोक वळून बघायला लागले. मी काच वर केली.

हॉस्पिटलच्या दाराशी उतार होता. वॉकर सरळ आत गेला. काचेचं दार आपोआप बाजूला झालं, थंड हवा आली. खालच्याच मजल्यावर मोठं बाथरूम, भिंतीला स्टीलचे दांडे, दार बाहेर उघडणारं. मी बाहेर उभी राहिले, शाल हातात धरून. शेजारून माईकचा आवाज येत होता, आता कोणी गाणं म्हणत होतं. ताईला बराच वेळ लागला. नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल.

काउंटरवरची पोरगी गोड होती. तिने खुर्ची पुढे केली. "बसा आजी. कोणाले दाखवायचं आहे?"

"दाखवायचं नाही. फक्त इथं आली होती," ताईने बाथरूमकडे बोट केलं.

"बरं बरं. कुठून आल्या?"

"बाजूच्याच घरून. ते जाळीचं दिसते ना, तेच. माझंच आहे."

पोरगी हसली, अगदी मनापासून. "अरे, मग घर बाजूले असून इथं काहून आल्या आजी? घरीच जायचं ना."



"तिथं माझी सोय नाही, बाई," ताई म्हणाली, आणि तिने वॉकर दाराकडे वळवला.